चाकाचें माप आणि वेगाचा कांटा

सांप्रतचा काळ हा वेगाचा काळ आहे, असें जो तो म्हणतो. परंतु आपला वेग नेमका किती, असा प्रश्न कोणीं केला तर मोटार हांकणारा गृहस्थ समोरच्या तबकडीकडे बोट दाखवितो आणि निश्चिंत होतो. तबकडीवरील कांटा सांगेल तें प्रमाण. त्याविषयीं त्याच्या मनांत तिळमात्र शंका नसते. ह्या निश्चिंतपणाविषयींच चार शब्द आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असा आमचा आजचा हेतु आहे.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं गेल्या वर्षीं आपल्या लहानशा मोटारीचीं मूळचीं चाकें काढून त्यांच्या जागीं मोठीं, रुंद व चकचकीत चाकें बसविलीं. गाडी रुबाबदार दिसूं लागली, शेजाऱ्यांनीं वाखाणणी केली, आणि दिवाळीच्या सुटींत मंडळी गांवीं निघाली. मागच्या बाजूस त्यांचा मुलगा बसला होता. हा मुलगा आठव्या इयत्तेंत असून त्यास मनगटावरील घड्याळाकडे वारंवार पाहण्याची खोड आहे. राष्ट्रीय महामार्गावरील पिवळ्या डोक्याचे दगड एकामागून एक येत होते, व वडिलांनीं कांटा ८० वर स्थिर धरिला होता. मुलानें पांच किलोमीटरांस लागलेला वेळ मोजला, तो २१४ सेकंद भरला. ताशी ८० किलोमीटरांच्या वेगानें तेवढ्या अंतरास २२५ सेकंद लागावयास हवे होते.

"बाबा, दगड लवकर येत आहेत," तो म्हणाला.

वडील हंसले. "अरे, दगड पुरणारांची चूक असेल. गाडीचें यंत्र कसें चुकेल?"

मुलानें पुढचे पांच किलोमीटर मोजले. त्याच्या पुढचेहि पांच मोजले. उत्तर दोन सेकंदांहून अधिक हाललें नाहीं. एवढे सारे दगड एकाच हिशेबानें चुकीच्या जागीं पुरले गेले असतील हें संभवनीय नाहीं. दगड होते तेथेंच होते; बदललीं होतीं तीं चाकें. गाडी ताशी ८० नव्हे, तर ८४ किलोमीटरांच्या वेगानें धांवत होती, आणि हांकणारास त्याची वार्ताहि नव्हती.

ह्या प्रसंगांत यंत्रास दोष देणें अन्यायाचें होईल. कांट्यास रस्ता दिसत नाहीं. रस्ता किती मागें पडला हें त्यास कधींच कळत नाहीं. चाक किती वेळां फिरलें एवढेंच कळतें. येथें आपल्या खेड्यांतील धान्याच्या व्यापाऱ्याची आठवण करावी. पायलीनें धान्य मापतांना तो "लाभ, दोन, तीन" असें मोठ्यानें म्हणत जातो, व मोजणींत सहसा चुकत नाहीं. परंतु पायलीच आंतून ठोकून लहान केलेली असेल, तर शंभर वेळां बिनचूक मोजूनहि गिऱ्हाइकाच्या पदरांत माप कमीच पडावयाचें. मोटारीचें चाक ही पायली होय, व कांटा हा मोजणारा होय. चाकाच्या एका फेऱ्यांत गाडी किती पुढें जाते, हें कारखानदारानें त्यास एकदां पढवून ठेविलेलें असतें. पुढें मालकानें पायली बदलली, तरी तो बिचारा जुन्याच पायलीचा हिशेब इमानानें सांगत राहतो.

फेरे मोजून अंतर काढण्याची ही युक्ति फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील व्हिट्रुव्हियस नांवाच्या रोमन शिल्पज्ञानें आपल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथाच्या दहाव्या भागांत अंतर मोजणाऱ्या रथाचें वर्णन केलें आहे. चाकाचा एक फेरा म्हणजे साडेबारा फूट, व असे ४०० फेरे झाले म्हणजे ५,००० फूट, अर्थात् एक रोमन मैल, असा त्याचा हिशेब. मैल पुरा होतांच दांत्यांच्या चाकांच्या योगानें एक गोटा पात्रांत पडावा, आणि मुक्कामीं गोटे मोजून दिवसाची मजल समजावी, अशी त्याची योजना होती. ह्या रथास कोणी थोडें मोठें चाक लाविलें असतें, तर त्याच रस्त्यावर गोटे कमी पडले असते, आणि रस्ता आंखडला कीं काय असें प्रवाशास वाटलें असतें! दोन सहस्र वर्षांत यंत्र बदललें. त्यांतील ही गोम मात्र बदलली नाहीं.

मोटारीच्या कांट्याचें जें रूप मागील पिढ्यांच्या परिचयाचें आहे, त्याचें पेटंट ओटो शुल्ट्से नामक जर्मन गृहस्थानें १९०२ सालीं घेतलें. त्याची रचना मोठी मनोरंजक आहे. गिअरबॉक्सपासून निघालेली एक लवचिक तार तबकडीमागें येते व तिच्या टोंकाशीं लोहचुंबक फिरतो. त्याच्याभोंवतीं ॲल्युमिनियमची वाटी असते. ॲल्युमिनियम चुंबकास चिकटत नाहीं हें आमचे विद्यार्थी जाणतातच. तरीहि चुंबक फिरूं लागला म्हणजे वाटींत विजेचे भोंवरे उत्पन्न होऊन ती त्याच्यामागें ओढली जाते. केसासारखी बारीक एक कमान तिला उलट खेंचून धरीत असते. ह्या रस्सीखेंचींत वाटी जेथें स्थिरावेल तेथें कांटा थांबतो. नव्या गाड्यांतून ही तार व ही वाटी दोन्ही गेलीं. आतां चाकाशीं किंवा गिअरबॉक्सवर बसविलेलें एक लहानसें उपकरण फिरत्या दांत्यांचे ठोके मोजून गाडीतील संगणकास कळवितें, व संगणक आंकडा दाखवितो. परंतु संगणकाला देखील ठोकेच कळतात. एका ठोक्याची लांबी किती, हें त्यास कोणीतरी सांगावेंच लागतें.

आतां चाकाचें माप कसें वाचावें तें पाहूं. टायरच्या बाजूवर कांहीं आंकडे उठविलेले असतात. उदाहरणार्थ, आपल्याकडील लहान मोटारींवर दिसणारें "१६५/८० आर १४" हें माप घ्या. पहिला आंकडा टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा सांगतो कीं, रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतची टायरची उंची ह्या रुंदीच्या शेंकडा ८० आहे. आर ह्या अक्षरावरून टायर रेडियल जातीचा आहे हें समजतें, व शेवटचा १४ हा रिमचा व्यास इंचांत होय. गणित सोपें आहे. १६५ चे शेंकडा ८० म्हणजे १३२. ती उंची चाकाच्या खालीं व वर अशी दोनदां येते, म्हणून २६४. चौदा इंचांचे ३५५.६ मिलिमीटर त्यांत मिळविले म्हणजे पुऱ्या चाकाचा व्यास ६१९.६ मिलिमीटर येतो. त्यास ३.१४१६ नें गुणिलें म्हणजे घेर सुमारें १ मीटर ९४६ मिलिमीटर. गाडीच्या भारानें टायर जमिनीशीं थोडा दबतो, म्हणून प्रत्यक्ष फेरा ह्याहून किंचित् लहान पडतो. पण दोन चाकांची तुलना करण्यास हा हिशेब पुरेसा आहे.

बहुतेक लोक रिमचा आंकडा तेवढा पाहतात, व १४ च्या जागीं १५ आले म्हणजे चाक मोठें झालें असें समजतात. ही समजूत अपुरी आहे. "१८५/६५ आर १५" ह्या मापाचा हिशेब वरील रीतीनें केल्यास व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. रिम एक इंचानें वाढली, परंतु टायरची उंची त्याच प्रमाणांत घटल्यामुळें एकंदर चाकांत दोनच मिलिमीटरांचा फरक पडला. म्हणून एकाच गाडीच्या साध्या व महाग प्रकारांस कारखानदार निरनिराळ्या रिमा देऊं शकतो, आणि कांटा दोहोंवरहि खरें सांगतो. उलट, त्याच गाडीस कोणी हौसेनें "१९५/७० आर १५" बसविले, तर व्यास ६५४ मिलिमीटर होतो. म्हणजे चाक शेंकडा साडेपांचांनीं मोठें झालें. रिम दोन्ही वेळां पंधराचीच. एकीनें कांटा खरा राहिला, दुसरीनें तो खोटा पडला. दुकानदार विचारतो तें "कोणती शोभेल?" एवढेंच. मालकानें विचारावयास हवें, "घेर किती?"

शेंकडा साडेपांच ही रक्कम क्षुल्लक आहे असें म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांनीं ती रस्त्यावर मांडून पाहावी. कांटा ८० दाखवीत असतां गाडी ताशी सुमारें ८४ किलोमीटरांनीं जाते. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, हें पदार्थविज्ञानाच्या वर्गांत शिकविलेलें आहे. शेंकडा साडेपांच वेग वाढला कीं थांबण्याचें अंतर शेंकडा अकरांनीं वाढलें. जी गाडी ताशी ८० वरून ३६ मीटरांत थांबली असती, तिला आतां ४० मीटर लागतात. हे वरचे चार मीटर म्हणजे पादचाऱ्यांसाठीं रस्त्यावर आंखलेल्या पांढऱ्या पट्ट्यांची बहुधा पुरी रुंदी. त्या पट्ट्यांवर आमच्या शाळेचीं मुलें उभीं असतात, एवढेंच सांगितलें म्हणजे रक्कम क्षुल्लक कीं मोठी ह्याचा निर्णय पालकांनीं स्वतः करावा.

वेगाबरोबर अंतराचाहि हिशेब बिघडतो, कारण तबकडीवरील किलोमीटरांचे आंकडे त्याच फेऱ्यांवरून पुढें सरकतात. वरील मोठ्या चाकावर दर किलोमीटरामागें ५५ मीटर नोंदीवांचून निसटतात. नोंद १०,००० किलोमीटरांची, तर चाल १०,५५५ किलोमीटरांची! तेल बदलण्याची वेळ तितकी लांबते, व गाडी विकतांना घेणारास ती आहे त्याहून कमी चाललेली दिसते. शिवाय एका लिटरांत किती चालली हा हिशेब मांडतां गाडी पेट्रोल जास्त खाऊं लागली असें वाटून मालक निष्कारण कारागिराशीं हुज्जत घालतो.

चाक लहान झालें तर हेंच सारें उलट घडतें. आणि लहान होण्यास तें बदलावेंच लागतें असें नाहीं. नव्या टायरवरील नक्षी सुमारें ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजून २ मिलिमीटर उरली कीं व्यास १२ मिलिमीटरांनीं घटतो, व आमच्या उदाहरणांतील मूळच्या चाकावर शंभर किलोमीटरांचे तबकडीवर एकशें दोन दिसूं लागतात. हवा कमी झाल्यानेंहि फेरा किंचित् आंखडतो. तो फरक इतका बारीक असतो कीं, कांट्यावर डोळ्यांस दिसत नाहीं. तथापि कांहीं मोटारींतील संगणक चारी चाकांच्या फेऱ्यांची तुलना करून जें चाक अधिक वेळां फिरतें त्यांत हवा कमी असल्याची सूचना देतात. तीच युक्ति, पण बुद्धीनें वापरली म्हणजे दोषाचाच गुण कसा होतो, ह्याचें हें सुंदर उदाहरण होय.

झिजलेलें चाक जास्त अंतर सांगतें ही गोष्ट स्वतःच्या गाडींत फारशी बोंचत नाहीं. परंतु टॅक्सीच्या व रिक्षाच्या भाड्याचें मीटरहि चाकाचे फेरेच मोजीत असतें. तेथें लहान चाक म्हणजे प्रवाशाच्या खिशांतून जाणारे पैसे होत. चाक जितकें लहान, तितका त्याच झिजेचा वांटा मोठा. रिक्षाचें चाक तर मोटारीच्या चाकाहून पुष्कळच लहान असतें. म्हणून भाड्याच्या मीटराची तपासणी करून त्यास मोहोर लावितात. वाण्याच्या वजनास व मापास जी शिस्त आपण लावितों तीच ही शिस्त आहे. खाजगी गाडीच्या मापास मात्र मालकाच्या विवेकावांचून दुसरा पहारेकरी नसतो.

आमच्या ह्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, व तो विचार करण्यासारखा आहे. जाणते लोक म्हणतील, "कारखान्यांतून आलेला कांटा मुळांतच थोडा जास्त वेग दाखवितो. मग चाक जरा मोठें बसविलें तर तो उलट खरा होईल!" ह्यांत तथ्यांश आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम असा आहे कीं, कांट्यानें खऱ्या वेगाहून कमी वेग कधींहि दाखवूं नये. जास्त दाखवावयाचा तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा व वर ४ किलोमीटर इतकाच. खरा वेग ८० असतां कांट्यानें ८० ते ९२ ह्यांच्या दरम्यान कोठेंहि असावें. चूक व्हावयाचीच असेल तर ती सुरक्षिततेच्या बाजूनें व्हावी, असा ह्या नियमाचा शहाणा हेतु आहे.

परंतु ह्यावरून मोठ्या चाकाचें समर्थन होत नाहीं. आपल्या गाडीच्या कांट्यांत ही शिल्लक किती ठेविली आहे हें हौशी मालकास ठाऊक नसतें. एखाद्या गाडींत ती पुष्कळ, तर एखादींत नांवापुरतीच असते. आमच्या वरील गृहस्थांच्या गाडींत ती अर्ध्या टक्क्याचीहि नव्हती, असें मुलाच्या हिशेबावरून दिसतें. दुसऱ्यानें आपल्या रक्षणासाठीं बाजूस ठेविलेली पुंजी न मोजतां खर्च करणें ह्यास व्यवहार म्हणत नाहींत. शिवाय मोठें चाक कमानीस घासतें, सुकाणूं वळवितांना अडतें, आणि इंजिनास जड जातें. नाकापेक्षां मोती जड अशी गत होते. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याचें ५२ वें कलम नोंदणींतील मूळ तपशिलाशीं न जुळणारा फेरबदल करण्यास मनाई करितें, हेंहि लक्षांत ठेवावें. चाक बदलणें भागच पडलें, तर मूळच्या व्यासाशीं जुळणारें माप निवडावें. ज्या गाड्यांच्या संगणकांत नवा घेर नोंदतां येतो, त्यांत तो जाणत्या कारागिराकडून नोंदवून घ्यावा.

कोणी म्हणेल कीं, आतां खिशांतला मोबाईलच उपग्रहांच्या साहाय्यानें वेग सांगतो, मग चाकाची पर्वा कशाला? मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग स्थिर असतां ह्या साधनाची ग्वाही चांगली असते, व चाकाच्या मापाशीं तिचा संबंध नसल्यामुळें ती कांट्याची परीक्षा करण्यास योग्यहि आहे. परंतु बोगद्यांत तिचा आधार तुटतो, आणि वेग एकाएकीं बदलला तर ती क्षणभर मागें राहते. साक्षीदार म्हणून ती ठेवावी. कांट्याची जागा तिला देऊं नये.

आमच्या विद्यार्थिमित्रांस आमची विनंति आहे कीं, ही गोष्ट त्यांनीं आमच्या शब्दावर न मानतां स्वतः करून पाहावी. त्यास मोटार नको, सायकल पुरे. पटांगणांत खडूनें एक रेघ ओढा. पुढच्या चाकाचा वॉल्व्ह बरोबर रेघेवर येईल अशी सायकल उभी करा, एकानें वर बसावें, दोघांनीं धरावें, आणि चाकाचे दहा पुरे फेरे होईपर्यंत सायकल सरळ न्यावी. तेथें दुसरी खूण करून अंतर टेपानें मोजा व दहांनीं भागा. ही तुमच्या सायकलची पायली. मग स्वार उतरवून पुन्हां मोजा. हवा थोडी सोडून पुन्हां मोजा. बारक्या भावाच्या लहान सायकलनेंहि मोजा. आंकडे वहींत लिहून ठेवा. ज्यांच्या सायकलच्या दांड्यावर वेग दाखविणारें लहानसें यंत्र आहे, त्यांस एक गंमत दिसेल. तें यंत्र लावितांना धन्यास प्रथम चाकाचा घेर विचारतें. त्यास खोटा घेर सांगितला, तर तें जन्मभर खोटा वेग सांगेल. मोटारीचा कांटा हा प्रश्न विचारीत नाहीं, कारण त्याचें उत्तर कारखान्यांत देऊन झालेलें असतें. एवढाच काय तो भेद.

मोटारींतून प्रवास करितांना पुढील कसोटी घ्यावी. हांकणारानें हांकण्याकडेच लक्ष द्यावें. घड्याळ दुसऱ्याच्या हातीं असावें. रहदारी विरळ व रस्ता सपाट पाहून वेग स्थिर ठेवावा, आणि दगडापासून दगडापर्यंतचे सेकंद मोजावे. ३,६०० ह्या संख्येस एका किलोमीटरास लागलेल्या सेकंदांनीं भागिलें कीं ताशी वेग निघतो. साठ सेकंद लागले तर ६०, पन्नास लागले तर ७२, पंचेचाळीस लागले तर ८०. एकाच किलोमीटरावर विसंबूं नये; पांच तरी मोजावे, म्हणजे हाताची चूक वांटली जाते. ही आठव्या इयत्तेची त्रैराशिकें आहेत, व तीं सोडविण्यास घाटाखालच्या मोकळ्या रस्त्यासारखा फळा नाहीं.

पालकांस आमचें सांगणें थोडकें आहे. मूल जेव्हां म्हणतें कीं, दगड लवकर येत आहेत, तेव्हां हंसूं नये. घड्याळ घेऊन त्याच्याबरोबर मोजावें. आमच्या ओळखीच्या त्या गृहस्थांनीं गांवीं पोंचल्यावर अखेरीस तेंच केलें. अंगणांत जुनें व नवें चाक शेजारीं शेजारीं ठेवून बाप-लेकांनीं दोरीनें घेर मोजले. नव्या चाकाची दोरी जुन्याहून वीतभर नव्हे, चांगलीं चार बोटें तरी लांब भरली. परत येतांना त्यांनीं कांटा ७५ वर धरिला, आणि महिनाभरानें मूळचीं चाकें पुन्हां गाडीस लागलीं. शेजाऱ्यांनीं ह्या वेळीं वाखाणणी केली नाहीं. मुलानें मात्र पुढच्या प्रवासांत पांच किलोमीटर मोजले, ते २२६ सेकंद भरले, आणि तो आंकडा त्यानें बाबांस मोठ्यानें वाचून दाखविला.